शिव्या गोळा करणारा मालक

शरद इंगोल्यांबद्दल लिहा, असं इथल्या, हॉलंडमधल्या, आमच्या मराठी मंडळातली मुलं मला दर दिवाळीला सांगतात आणि दर दिवाळीला मी काहीतरी सबब काढतो. एकदा डोळ्याचं ऑपरेशन होतं, एकदा मुलीचं बाळंतपण होतं, एकदा नुसतंच "जमेल तसं बघू" म्हणालो आणि जमवलं नाही. मुलांना वाटतं, दोस्त गेल्याचं दुःख असेल. ते आहेच. पण खरं कारण निराळं आहे. इंगोल्यांबद्दल लिहायचं तर त्या सप्टेंबरबद्दल लिहावं लागतं, आणि त्या सप्टेंबरबद्दल खरं लिहायचं तर माझ्या घरातल्या गणपतीपाशी यावं लागतं.

आता गावात नवे लोक आले आहेत. त्यांना इंगोल्यांची एकच ओळख करून दिली जाते: ऐन मोक्याच्या सामन्यात आपला सगळ्यांत चांगला खेळाडू घरी बसवून हंगाम घालवणारा हट्टी म्हातारा. खुर्च्यांची गोष्टही सांगतात, पण 'केलेली चूक निस्तरली हो शेवटी' अशा सुरात. ती चूक त्यांची नव्हती. ते गेल्यावर मैदानावर शोकसभा झाली तेव्हा मी बोलायला उभा राहिलो होतो. त्यांच्या दिलदारपणाबद्दल छान बोललो आणि खाली बसलो. म्हणून आता लिहितो.

इंगोले अमरावतीचे. तिकडे शाळा-कॉलेजांतून बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळतात, हे पुण्याच्या माणसाच्या गावीही नसतं, माझ्या नव्हतं. तरुणपणी ते टर्नर म्हणून हॉलंडला आले आणि पुढे आइंडहोवनच्या मोठ्या कारखान्यांना बारीक सुटे भाग करून देणारं स्वतःचं वर्कशॉप त्यांनी काढलं. आमच्या न्यूनेन गावाबाहेर कालव्याच्या काठाला एक बेसबॉलचं मैदान आहे. तिथला 'रोडे हाझन' म्हणजे 'लाल ससे' नावाचा क्लब मोडकळीला आला होता, तो त्यांनी उचलला. या देशात असा क्लब कुणा एकाच्या मालकीचा नसतो, सभासदांचा असतो. पण प्रेक्षकांचा स्टँड इंगोल्यांच्या वर्कशॉपने उभा केला, त्यावर लाल खुर्च्या त्यांनी स्वतः बसवल्या, अर्ध्या खेळाडूंना वर्कशॉपात कामाला ठेवलं. त्यामुळे सारं गाव त्यांना 'बास' म्हणे, म्हणजे मालक.

मालकासारखं त्यांच्यात काही नव्हतं. जूनमध्येही डोक्यावर लोकरीची टोपी. कोटाच्या एका खिशात शेंगदाणे, दुसऱ्यात गूळ, आणि सामना चालू असताना कुणाशीही बोलताना एक हात या खिशात, एक त्या खिशात. सामना ते कधी बसून बघत नसत. मैदानाच्या कुंपणाबाहेरून येरझाऱ्या घालत. त्यांचं डच बोलणं व्याकरणाच्या कुठल्याच नियमात बसत नसे, पण चाल अस्सल वऱ्हाडी. समोरच्या डच माणसाला शब्द कळायच्या आधी सूर कळे आणि तो हसायला लागे.

मी निवृत्त झालो आणि घरात बसून नलिनीच्या स्वयंपाकघराच्या रचनेत सुधारणा सुचवू लागलो, तेव्हा तिनेच मला एका रविवारी त्या मैदानावर पिटाळलं. मंडळात इंगोल्यांची तोंडओळख होती.

"क्रिकेट समजते ना जी, केळकरसाहेब?" त्यांनी विचारलं.

"उत्तम समजतं."

"मंग ते आधी विसरा. इकडे या."

असा मी क्लबचा गुणलेखक झालो. मालकाच्या येरझाऱ्या आणि प्रेक्षकांच्या शिव्या, दोन्ही माझ्या टेबलावरून नीट दिसत आणि ऐकू येत.

शिव्या हा इंगोल्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. पहिल्या रांगेत हेंक नावाचा निवृत्त पोस्टमन बसे. लांबलचक माणूस, आवाज असा की कालव्यातली बदकं उडत. संघ हरायला लागला की हेंक खेळाडूंना सोडून थेट कुंपणाकडे वळे आणि इंगोल्यांना हाका मारे. "बास! तुझ्या आजीला मैदानात उतरव! ती तरी चेंडू बघेल!" अख्खा स्टँड हसे. इंगोले तिकडून हात वर करून म्हणत, "आजी मेली, हेंक! तू ये!" मग सूप विकणाऱ्या बाईला सांगून ते हेंकला एक कप पाठवत. मी नवखा होतो. मला हे बरं वाटलं नाही. मी म्हणालो, "अहो, तुम्ही याला काही बोलत कसे नाही? चारचौघांत अपमान करतो."

इंगोले गुळाचा खडा तोंडात टाकून म्हणाले, "लोकं शिव्या देऊन राहिले म्हणजे अजून आपले हायेत, केळकरसाहेब. चूप झाले की समजा, गेले."

त्यांच्या सगळ्या कारभाराची किल्ली या एका वाक्यात होती. सामना संपला की ते फाटकाशी उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "आज काय चुकलं?" जिंकलेल्या दिवशीसुद्धा. लोक सांगत. इंगोले मान डोलावत. त्यातलं ते किती ऐकत देव जाणे, पण माणूस सांगत असेपर्यंत ते दुसऱ्याकडे वळत नसत.

महामारीचं वर्ष आलं आणि बेसबॉलचा हंगाम उन्हाळ्यात उशिरा सुरू झाला. थोड्या प्रेक्षकांना मधल्या खुर्च्या सोडून बसायची परवानगी मिळाली, पण ओरडायला बंदी. थुंकी उडते म्हणून. टाळ्या वाजवा, पण तोंड बंद. या नियमाने इंगोले फार हवालदिल झाले. "आता कसं समजायचं जी, लोकं आपले हायेत की गेले?"

त्यावर तोडगा हेंकनेच काढला. तो सायकलची घंटी घेऊन आला. एकदा वाजवली की शिवी मालकाला, दोनदा वाजवली की पंचाला. दुसऱ्या सामन्याला निम्मा स्टँड घंट्या घेऊन आला. इंगोल्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. कुंपणाबाहेरून ते मोजत फिरत आणि मला येऊन सांगत, "आज मले पंचापेक्षा जास्त भेटल्या."

त्यातून त्या वर्षी संघही चांगला जमला होता. जैरो नावाचा आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, कुरासाव बेटावरून लहानपणी आईवडिलांबरोबर आलेला. त्याचा धाकटा भाऊ कॅचर. दोघे इंगोल्यांच्या वर्कशॉपात लेथवर काम करत आणि संध्याकाळी मैदानावर. जैरोचा चेंडू समोरच्याला दिसायच्या आत भावाच्या हातमोज्यात चपराक मारल्यासारखा वाजे. शेवटचा सामना जिंकला की आम्ही पहिल्या चारांत जाणार होतो. क्लबच्या इतिहासात तसं कधी झालं नव्हतं. म्हातारी माणसं सुद्धा तारीख विचारून ठेवत होती.

आता गणपती.

आमच्या घरी दहा दिवसांचा गणपती असतो आणि इंगोल्यांचा एक रिवाज होता. हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी ते अख्खा संघ आमच्याकडे दर्शनाला आणत. उंचच्या उंच गोरी-काळी मुलं मोजे काढून ओळीने उभी राहत, आरतीला टाळ्या वाजवत आणि मोदकांचा फडशा पाडत. जैरो नलिनीला 'तांते' म्हणे, म्हणजे मावशी. गावच्या साप्ताहिकात दर वर्षी या दर्शनाचा फोटो येई. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळी माझा घसा खवखवत होता आणि अंग तापलं होतं. मी एक गोळी घेतली. नलिनी म्हणाली, "इंगोल्यांना फोन करा. या वर्षी नको म्हणावं."

"गणपतीला येणाऱ्याला दारातून परत पाठवायचं? आपल्यात कधी झालंय असं?"

"आपल्यात महामारी तरी कधी झालीये?"

"सर्दी आहे ग. दर भाद्रपदात होते."

दुपारी फोन इंगोल्यांचाच आला. "केळकरसाहेब, घरी सगळे ठीक ना जी? पोट्टे घेऊन येऊन राहिलो, म्हणून विचारतो. काही असलं तं सांगून द्या, आम्ही बाहेरूनच हात जोडतो."

"छे छे, ठणठणीत आहोत," मी म्हणालो.

हे शब्द मी का बोललो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कुणाला फसवायचं मनात नव्हतं. ज्या घरात गणपती बसलाय त्या घराने 'येऊ नका' म्हणायचं, हे जिभेवर येईना, एवढंच. पण शब्द मीच बोललो.

नियमाप्रमाणे घरात थोडेच लोक घ्यायचे होते. इंगोल्यांनी बाकीच्यांना बागेत उभं केलं, स्वतःही बागेतच थांबले, आणि आत पाठवलं जैरोला आणि त्याच्या भावाला. "त्या दोघांले जवळून आशीर्वाद पाहिजे," ते खिडकीतून म्हणाले. मी आरती म्हटली, मोठ्याने, सवयीप्रमाणे सगळी कडवी. जैरो माझ्या खांद्याला खांदा लावून टाळ्या वाजवत होता. मी माझ्या हाताने त्याच्या तोंडात मोदक घातला.

दोन दिवसांनी माझी तपासणी झाली. निकाल आला, मला लागण झाली होती. आरोग्य खात्याच्या बाईंनी फोनवर विचारलं, कोण कोण भेटलं? मी नावं सांगितली. दोन्ही भावांना घरात कोंडून घ्यावं लागलं. पुढे जैरोला तापही आला. देवाच्या कृपेने साधाच आला. शेवटचा सामना त्या कोंडणुकीच्या अगदी मधोमध पडत होता.

इंगोल्यांचा फोन आला तेव्हा मी अंथरुणात होतो. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "कशी हाय तब्येत? वैनी ठीक? काही आणून देऊ का दारात?"

"इंगोले, अहो तो सामना..."

"सामना मी पाहून घेतो. तुम्ही कोणाले सांगू नका."

"म्हणजे? लोक विचारतील ना, जैरो कुठेय म्हणून."

"सांगतो ना मी, मालकाचा निर्णय हाय, त्याले आराम देला."

"तुम्हाला फाडून खातील लोक. सरळ सांगा, क्वारंटाईनमध्ये आहे."

"क्वारंटाईन म्हटलं की विचारतीन, कुठून आला? फोटो तं दर साली पेपरात येते. घरचा पत्ता माहीत हाय सगळ्यांले. इथं आपले नवीन पोट्टे येऊन राहिले नोकरीले, बायका-पोरं घेऊन. उद्या त्यांच्या दारात कोणी पाय नाही ठेवणार. गणपतीचं नाव यात नको. माह्यावर येऊ द्या. मले सवय हाय."

मी 'बरं' म्हणालो. किती सोपं असतं ते.

क्लबला मी पाठदुखी कळवली. क्लब सामने इंटरनेटवर थेट दाखवत असे, तो मी फोनवर पाहिला. नलिनीने फोन उशीला टेकवून ठेवला होता. जैरोच्या जागी उभा राहिलेला मुलगा जीव तोडून फेकत होता, पण समोरचे त्याला कुटत होते. मी घंट्यांची वाट बघत होतो. पहिल्या डावात हेंकची घंटी एकदा वाजली. लांब, धारदार. मग वाजली नाही. स्टँडमधून कुणाचीच वाजली नाही. लोक शेवटपर्यंत बसले आणि उठून गेले. कॅमेरा चालूच होता, त्यात फाटकाशी इंगोले नेहमीसारखे उभे दिसत होते. लोक त्यांच्याकडे न बघता बाहेर पडत होते, जसं एखाद्या खांबाला वळसा घालून जावं.

संध्याकाळी त्यांचा आवाज फोनवर ओळखू येईना. "केळकरसाहेब, आज कोणी एकपण शिवी नाही देली."

त्या आठवड्यात गावात नाना अफवा उठल्या. बासने जैरोला दुसऱ्या क्लबला विकलं. जैरोने पगारवाढ मागितली म्हणून त्याला धडा शिकवला. पहिल्या चारांत गेलं तर खर्च वाढेल म्हणून मुद्दाम हरवलं. जैरो आणि त्याचा भाऊ गप्प राहिले, कारण इंगोल्यांनी त्यांच्याकडूनही शब्द घेऊन ठेवला होता. लगेच पुढे सगळीच मैदानं प्रेक्षकांना बंद झाली, आणि रागावलेली माणसं रागासकट घरात कोंडली गेली.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, वर्षभरात विसरतील. इंगोल्यांना नेमकी तीच भीती होती. थंडी सुरू झाल्यावर एके दिवशी मी मैदानावर गेलो तर ते स्टँडमध्ये गुडघ्यांवर बसून पान्याने खुर्च्या उखडत होते. नट गंजले होते. टोपीतून वाफ निघत होती.

"हे काय चाललंय?"

"लोकांले येता येत नाही ना? मंग खुर्ची जाईन त्यांच्याकडे."

"कशाला?"

"शिव्या गोळा कराले," ते म्हणाले. "आतल्या आत सडून राहिल्या त्या. काढल्या पाहिजेत."

त्यांचा बेत साधा होता. वर्षाचं तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाच्या दारात त्याची स्वतःची खुर्ची घेऊन जायचं. सांगायचं, ही तुमची जागा. राग काढायचा असेल तर आत्ता काढा, मी उभा आहे. मैदान उघडलं की यायचं असेल तर खुर्ची घेऊन या. यायचं नसेल तर ठेवून घ्या, नाहीतर फेकून द्या.

"आणि नाही आणल्या तर?" मी विचारलं.

"तं स्टँड रिकामा. मंग मी मालक कशाचा? फाटकाले कुलूप."

त्यांनी पुढे मोठी पेटी असलेली मालवाहू सायकल काढली, तीत खुर्च्या रचल्या आणि निघाले. हिवाळाभर ते हेच करत होते. मी बरा झालो होतो. दुसऱ्या सायकलवरून बरोबर जात असे. मदत म्हणून जात असे, असं मी स्वतःला सांगत असे.

हेंकच्या दारात आम्ही गेलो तेव्हा बारीक पाऊस होता. हेंकने दार उघडलं, खुर्ची पाहिली, इंगोल्यांना पाहिलं आणि दार लावून घेतलं. इंगोले हलले नाहीत. दीड मीटर मागे सरकून फुटपाथवर उभे राहिले, खुर्ची पोटाशी धरून. बऱ्याच वेळाने दार पुन्हा उघडलं.

"अजून इथेच आहेस?"

"तू अजून काही बोलला नाही," इंगोले म्हणाले.

"जैरोला का नाही खेळवलंस?"

"निर्णय माझा होता. तुझा हंगाम गेला. बोल."

मग हेंक बोलला. मी सायकल धरून मागे उभा होतो. त्याने सांगितलं, त्याच्या बायकोला वृद्धाश्रमात ठेवलंय आणि तिला काचेतून बघावं लागतं. वर्षात एकच आनंदाची गोष्ट उरली होती, ते पहिल्या चारांत जाणं, आणि ती तू कुठल्यातरी हट्टापायी माझ्याकडून काढून घेतलीस. मूर्खा, कंजूषा, गाढवा. त्याचा आवाज चढत गेला. समोरच्या घरांतून माणसं खिडक्यांशी आली. इंगोल्यांच्या टोपीवरून पाणी नाकावर ओघळत होतं, तेही त्यांनी पुसलं नाही. मान डोलावत होते, फाटकाशी डोलवायचे तशी.

'माझ्या घरात झालं ते', एवढंच वाक्य होतं. डच भाषेतही मला ते येत होतं. मी सायकलचा ब्रेक तपासत राहिलो.

हेंक थकला. दाराला टेकून म्हणाला, "आत घेता येणार नाही. नियम आहे." आत गेला, कॉफीचा कप आणून बागेच्या बुटक्या भिंतीवर ठेवला आणि मागे सरकला. इंगोले पुढे झाले, खुर्ची भिंतीवर ठेवली, कप उचलला. "साखर कमी," ते म्हणाले.

"शिव्या कमी पडल्या का, ते सांग," हेंक म्हणाला.

परत येताना इंगोले पेडल मारत गात होते. खुशीत होते. "पाहलं ना जी? आपला हाय तो!"

असं दारोदार झालं. काहींनी दार उघडलं नाही. एका म्हातारीने खुर्ची घेतली आणि तीत फुलझाडाची कुंडी ठेवली. आमच्यातलं एक आयटीतलं जोडपं आर्नहेमला राहायला गेलं होतं, तिथल्या लहान मुलीने इंगोल्यांना डचमध्ये सुनावलं, "तुमच्यामुळे बाबा रडले." बाबा मराठीत म्हणत होते, "काही नाही हो काका, मस्करी करते." इंगोले त्या मुलीपुढे खाली बसले आणि तिला डचमध्येच म्हणाले, "बरोबर बोललीस. अजून काही?" एक कुरासावचं कुटुंब आल्मेरेला गेलं होतं. तिकडे सायकल कुठून नेणार? इंगोले आगगाडीने गेले, तोंडाला मुसकी, मांडीवर लाल खुर्ची. तपासनीस त्यांना म्हणाला, "गाडीत बसायची सोय आहे हो." इंगोले म्हणाले, "ही माझी नाही, हिचा मालक आल्मेरेला राहतो." तिकडून परतल्यावर त्यांनी मला फोन केला, त्या घरातल्या आजीने काय काय सुनावलं ते शब्दशः सांगितलं आणि भाषांतर करताना इतके हसले की ठसका लागला.

त्या दिवसांत मी एकदा त्यांच्यापाशी विषय काढला. खुर्च्या संपत आल्या होत्या. मी म्हणालो, "इंगोले, मी सांगतो आता लोकांना. खरं काय ते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाले हलकं वाटावं म्हणून सांगता, का लोकांसाठी सांगता?"

मी उरलेल्या खुर्च्या मोजू लागलो. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. शेंगदाणे पुढे केले.

जूनच्या अखेरीस मैदान उघडलं. ओरडायची बंदीही उठली. पहिल्या सामन्याच्या दिवशी मी आणि नलिनी लवकर गेलो. लोखंडी पायऱ्यांच्या रांगा उघड्याबोडक्या होत्या. फाटकाशी इंगोले टोपी घालून उभे, शेजारी स्टुलावर पान्यांचा ढीग आणि नव्या नटांचा डबा. खेळाडू सराव करत होते, पण सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडे. नगरपालिकेचा माणूस तपासणीला आला होता. तो म्हणाला, "प्रेक्षक बसणार कुठे?"

"येऊन राहिले," इंगोले म्हणाले.

रस्त्यावर कुणी नव्हतं. इंगोल्यांचा हात शेंगदाण्यांच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला. नलिनी मला कुजबुजली, "आज तरी बोला हो त्यांच्याशी." मी म्हणालो, "बोलतो." वाक्य तयार केलं होतं. घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.

आधी ऐकू आलं, मग दिसलं. कालव्याच्या वळणावरून घंट्या वाजत होत्या, आणि झाडांमागून हेंक आला, खुर्ची उलटी डोक्यावर घातलेली, हेल्मेटसारखी. त्याच्यामागे सायकली. खुर्च्या पाठीला बांधलेल्या, हँडलला लटकवलेल्या, पेट्यांमध्ये पोरांसकट बसवलेल्या. आल्मेरेच्या आजी नातवाच्या गाडीतून आल्या, खुर्ची टपावर. कुंडीवाली म्हातारी कुंडीसकट आली. आर्नहेमची ती मुलगी बापाच्या पुढे पळत होती. सगळा रस्ता लाल झाला होता.

"आपापली खुर्ची आपणच बसवायची!" इंगोले ओरडत पाने वाटू लागले. "पाना परत द्यायचा!"

मग जो गोंधळ माजला तो मी जन्मात विसरणार नाही. ही माझी जागा, ती माझी नाही, नट उलटा लावलास, माझी खुर्ची डगमगतेय. अख्खा स्टँड एकमेकांवर खेकसत होता. वर्षभर साठलेले आवाज एकदम बाहेर पडत होते. त्या सगळ्यावरून हेंकचा आवाज आला. "बास! तुझं डोकं पण या नटासारखंच ढिलं आहे!"

इंगोल्यांनी दोन्ही हात वर केले. नगरपालिकेचा माणूसही एव्हाना पाना घेऊन कुंडीवाल्या म्हातारीची खुर्ची आवळत होता.

जैरोने त्या दिवशी जे फेकलं त्याला तोड नव्हती. शेवटचा फलंदाज बाद झाला, जैरोचा भाऊ हातमोजा भिरकावून धावत सुटला आणि स्टँड उठून उभा राहिला.

मी टेबल सोडलं आणि मैदानाला वळसा घालून कुंपणापाशी गेलो. इंगोले तारेच्या पलीकडे होते, नेहमीच्या जागी, टोपी हातात. डोक्यावरचे विरळ केस मी पहिल्यांदाच पाहत होतो. स्टँडमधून "बास! बास!" असा गजर चालला होता, पायऱ्यांच्या लोखंडावर हजार पाय एकदम आदळत असावेत तसा. मी तारेला धरून बोललो. त्यांनी कानाला हात लावला आणि मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. मी मोठ्याने बोललो. ते हसले, स्टँडकडे बोट केलं, आणि ओठांवरून मला कळलं, ते म्हणत होते, "ऐका, ऐका!" तेवढ्यात पोरं कुंपणाच्या दारातून घुसली, त्यांना खांद्यांवर उचललं आणि घेऊन गेली. टोपी हवेत हलताना दिसली, मग गर्दी मिटली.

त्याच आठवड्यात ते अमरावतीला गेले. महामारीमुळे बहिणीची भेट राहिली होती. तिथे एका पहाटे झोपेतच गेले.

तारेला धरून मी त्यांना म्हणालो होतो: शरदराव, तुम्ही फोन करून विचारलंत तेव्हा मला ताप होता. मला माहीत होतं. मी खोटं बोललो, आणि माझ्या वाट्याच्या शिव्या तुम्ही पावसात उभं राहून घेतल्यात. मला क्षमा करा.